फ्लामेंको गिटार: रास्गेआदो आला की ठेका सुटतो, तेव्हा काय तपासायचं

पंधरा-वीस वर्षं दुसरं संगीत वाजवून मग फ्लामेंकोकडे, म्हणजे स्पेनमधल्या गाणं-नाच-गिटारच्या परंपरेकडे, वळलेल्या माणसाची तक्रार बहुतेक वेळा एकच असते. "फाल्सेता बसलीय, रास्गेआदोही बरा येतो, पण दोन्ही जोडले की कुठेतरी घसरतं." मीही हेच म्हणायचे. आधी इलेक्ट्रिक गिटार, मग थोडी क्लासिकल आणि सेहेचाळिसाव्या वर्षी फ्लामेंको. पहिली दोन वर्षं मी बोटांना शिव्या देण्यात घालवली. पुढे चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या, साठीतल्यासुद्धा, बऱ्याच जणांशेजारी बसून हाच बिघाड शोधत गेले. आता दाराबाहेरून ऐकलं तरी अंदाज येतो.

आधी दोन-तीन शब्द. फाल्सेता म्हणजे गाण्याच्या ओळींच्या अधेमधे गिटारवर वाजणारा सुरांचा तुकडा. रास्गेआदो म्हणजे बोटं एकामागून एक बाहेरच्या दिशेने उलगडत तारांवर मारणं. कोंपास म्हणजे तालाचं चक्र, आणि त्या चक्राच्या आत असण्याची जाणीवही. (दप्तरातल्या कंपासपेटीशी याचा संबंध नाही, पण वही खाली पडली की पेटी उघडून सगळं विखुरतं, तसं इथेही होतं खरं.)

लक्षणं

- फाल्सेता एकटी वाजवली तर स्वच्छ येते. तिच्या आधी किंवा नंतर रास्गेआदो आला की अर्धी मात्रा कुठेतरी जास्त होते किंवा गायब होते.
- रास्गेआदो "फर्र" असा एकच आवाज होतो. चार बोटं, पण कानाला दोन-तीनच आघात.
- दोन-तीन मिनिटांत कोपराखालचा हात दगडासारखा होतो.
- लय हळूहळू वाढत जाते आणि तुम्हाला ते रेकॉर्डिंग ऐकेपर्यंत कळत नाही.
- मेट्रोनोम लावला की सुधारण्याऐवजी आणखी बिघडतं.
- कुणी टाळी धरली किंवा गायला सुरुवात केली की तुम्ही थांबून त्यांच्या मागे धावता.

यातली दोन-तीन लक्षणं जुळत असतील तर पुढच्या तपासण्या याच क्रमाने करा. फुकटातल्या आधी आहेत, खर्चिक आणि न परतणाऱ्या शेवटी. वेदना, बधिरपणा किंवा बोट आपोआप वाकणं असं काही असेल तर मधलं सगळं सोडून थेट शेवटच्या भागाकडे जा.

गिटार पेटीत ठेवा आणि मोजा

बहुतेकांचा बिघाड इथेच सापडतो, आणि बहुतेकांना हीच तपासणी नको असते. वीस वर्षं वाजवलेल्या माणसाला बारापर्यंत आकडे मोजायला सांगितलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

सोलेआ हा फ्लामेंकोतला एक सावकाश प्रकार, तो घ्या. बारा मात्रा, जोर ३, ६, ८, १० आणि १२ वर. मोठ्याने मोजा, या पाच ठिकाणी टाळी द्या, न चुकता पाच मिनिटं. सावकाश. मग स्वतःला एक प्रश्न विचारा: विसावा कुठे वाटतो? "एक"वर वाटत असेल तर बिघाड सापडला. सोलेआचं वाक्य दहावर मिटतं. ई कॉर्डवरून निघून तिसऱ्या मात्रेला एफ, आणि दहाला पुन्हा ई, म्हणजे घरी. अकरा-बारा हा उंबरठा. नवीन वाक्याचा "एक" तर अगदी हलका, दाराबाहेर टाकलेलं पहिलं पाऊल.

रॉक वाजवणाऱ्याला "एक" म्हणजे ड्रमचा दणका. आपल्याकडचा ताल अंगात मुरलेल्याला "एक" म्हणजे सम. एकतालही बारा मात्रांचाच, त्यामुळे तबला ऐकत वाढलेल्या माणसाला वाटतं की हे आपल्याला येतंच. आकडा बाराच असला तरी वजन वेगळ्या जागी पडतं. समेवर येण्याची सवय झालेला हात पहिल्या मात्रेवर नकळत जोर देतो, त्यासाठी आधी श्वास घेतो, आणि तो श्वास बरोबर अकरा-बारा खाऊन टाकतो. हीच ती हरवलेली अर्धी मात्रा.

सोलेआ जमली की बुलेरियास हा दुसरा प्रकार. जोराच्या जागा त्याच, फक्त मोजणी बारापासून: १२, ३, ६, ८, १०. अंतरं मोजली तर तीन, तीन, दोन, दोन, दोन. लय मात्र कितीतरी जलद. आणि सेगिरिया हा तिसरा प्रकार म्हणजे हेच चक्र आठव्या मात्रेपासून सुरू केलेलं: ८, १०, १२, ३, ६, म्हणजे दोन, दोन, तीन, तीन, दोन. मला हे कळलं त्या दिवशी तीन वेगळे ताल पाठ करण्याचं ओझं उतरलं. चक्र एकच आहे, आपण त्यात कुठल्या दाराने शिरतो एवढाच फरक.

रुंबा आणि तांगोस हे प्रकार चार मात्रांचे असतात. बरेच जण रुंबा ऐकूनच फ्लामेंकोच्या प्रेमात पडलेले असतात आणि चाराचा हिशेब घेऊन सोलेआकडे येतात. चारात ठेका टिकतो पण बारात सुटतो, असं असेल तर बोटं निर्दोष आहेत. महिनाभर टाळी आणि मोजणी करा, रास्गेआदोचा एकही नवा प्रकार शिकू नका.

पाय बघा

फोन जमिनीजवळ ठेवा आणि फक्त स्वतःचा पाय रेकॉर्ड करा. सोलेआला प्रत्येक मात्रेवर टाच किंवा चवडा. मग बघा, पाय कुठे थांबतो ते. तो जवळपास नेहमीच अवघड जागी थांबतो, बोटं पार झाली की पुन्हा सुरू होतो, आणि मालकाला पत्ताही नसतो.

याचं कारण मला या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आपल्या आधीच्या संगीतात ताल दुसऱ्या कुणाच्या तरी हाती होता. बॅंडमध्ये ड्रमर होता. क्लासिकलमध्ये एकट्याने वाजवताना वाक्याच्या शेवटी थोडं रेंगाळलं तर ते भावपूर्ण ठरायचं. फ्लामेंकोत गिटारच घड्याळ आहे. गाणारा गिटारवादकाच्या कोंपासवर टेकून ओळ ताणतो, नाचणारा त्यावर पाय टाकतो. घड्याळच अवघड जागी थांबलं तर बाकीच्यांनी करायचं काय? पाय म्हणजे त्या घड्याळाचा लंबक. हात चुकला तर चालेल, सूर गाळला तरी चालेल, पाय थांबता कामा नये.

उपाय उलटा करायचा: अवघड जागेत सूर सोडून द्या आणि पाय चालू ठेवा. क्लासिकलमधून आलेल्यांना हे पाप वाटतं. करा तरीही.

घसरतं नेमकं कुठे?

आता आवाजाचं रेकॉर्डिंग. तीस-चाळीस सेकंद पुरे: थोडा ठेका, एक फाल्सेता, पुन्हा ठेका. ऐकताना टाळी धरा. टाळी तीनपैकी एका ठिकाणी अडखळेल.

रास्गेआदोच्या आधी अडखळली, तर हात तयारी करतोय. फाल्सेता वाजवताना पंजा एका आकारात असतो आणि रास्गेआदोसाठी तो बदलतो, त्या बदलालाच वेळ लागतोय. याची कारणं बहुधा बसण्यात असतात.

आत अडखळली, तर बोटं एकमेकांवर आदळताहेत. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

नंतर अडखळली, म्हणजे रास्गेआदो लवकर संपतो, मग पोकळी राहते आणि ती भरायला पुढचा ठोका पुढे ओढला जातो. हे दिसायला वेगळं वाटलं तरी मूळ दुसऱ्या प्रकारातच आहे.

ही विभागणी न करता सराव वाढवणारे लोक बरोबर असलेली गोष्टच आणखी घोटत बसतात. मीही त्यातलीच.

बसणं आणि जुन्या हाताच्या खोडी

प्लेक्ट्रमने, म्हणजे हातात धरायच्या पिकने, वाजवणाऱ्यांची करंगळी गिटारच्या पाटावर टेकलेली असते. ती टेकलेली असेपर्यंत रास्गेआदो होणारच नाही, कारण करंगळी स्वतःच एक आघात आहे. शिवाय टेकलेल्या पंजाला उचलून पुन्हा ठेवावं लागतं, म्हणजे वर सांगितलेली तयारीची पोकळी. यावर एकच इलाज: सहाव्या तारेवर अंगठा टेकवायची सवय लावा, करंगळी मोकळी.

क्लासिकलवाल्यांची अडचण वेगळी. डावा पाय चौरंगीवर, मनगट कमानीसारखं उचललेलं, बोटं आत ओढायची शिस्त. जुन्या फ्लामेंको बैठकीत गिटारचा मागचा फुगवटा उजव्या मांडीवर आणि मान बरीच वर. नामांकित फ्लामेंको गिटारवादक पाको दे लुसिया (१९४७–२०१४) उजवा पाय डाव्यावर टाकून बसायचे आणि आता बहुतेक जण तसंच बसतात. कुठलीही बैठक घ्या, कसोटी एकच: डावा हात पूर्ण काढून घ्या. गिटार जागेवर राहिली पाहिजे. ती घसरत असेल तर डावा हात तिची मान पकडून बसलाय, उजवा खांदा तिला दाबून धरतोय, आणि आखडलेल्या खांद्याखाली बोटं मोकळी होणं अशक्य. मांडीवर रबरी जाळीचा तुकडा ठेवला तरी पुष्कळ फरक पडतो. साठीनंतर पायावर पाय टाकून अर्धा तास बसल्यावर कंबर बोलू लागते, तेव्हा कमी उंचीची खुर्ची आणि उजव्या पायाखाली छोटा ठोकळा घ्या. शैलीचे गुण कुणी कापत नाही.

नखं

हे थोडक्यात. रास्गेआदोत नखाची पाठ तारेवर आदळते. एका बोटाचं नख लांब आणि शेजारचं आखूड असेल तर आघातांची ताकद आणि वेळ दोन्ही बदलतात, आणि तुम्ही तालाला दोष देता. चारही नखं साधारण एकाच प्रमाणात, कड गुळगुळीत. बारीक खाच असली तरी ती तारेत अडकते आणि बोट अर्धा क्षण मागे राहतं. फाइलने घासून मग अगदी बारीक पॉलिश पेपर. वयाबरोबर नखं ठिसूळ होतात, म्हणून अनेक वादक त्यांवर गोंदाचा किंवा ॲक्रिलिकचा थर देतात. स्टीलच्या तारांवर मात्र हा सगळा खेळ करू नका. नखं आठवड्यात संपतात. नायलॉनच हवं.

सेहिया लावून बघा

सेहिया म्हणजे कॅपो. ती दुसऱ्या किंवा तिसऱ्या फ्रेटवर लावा आणि तेच वाजवा. फ्रेट जवळजवळ येतात, तारा खाली येतात, बॅरे, म्हणजे एका बोटाने अनेक तारा एकदम दाबणं, त्याला जोर कमी लागतो. एवढ्यानेच ठेका सुधारला तर बिघाड उजव्या हातात नव्हताच. डावा हात कॉर्डला उशिरा पोचत होता आणि उजवा त्याच्यासाठी थांबत होता. "पोर मेदियो"मध्ये, म्हणजे ए धरून वाजवताना, बी फ्लॅटचा बॅरे हे नेहमीचं ठिकाण.

यात कमीपणा वाटून घेऊ नका. गाणाऱ्याच्या पट्टीसाठी फ्लामेंकोत सेहिया रोज लागते आणि एकट्याने वाजवतानाही बहुतेक जण ती लावूनच बसतात.

आता रास्गेआदो स्वतः

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर बोटांकडे वळायचं. त्याआधी एक आठवडा सगळे रास्गेआदो काढून टाका आणि त्यांच्या जागी फक्त तर्जनीचे खाली-वर आघात वाजवा. ठेका टिकला, तर गडबड बोटं उलगडण्यातच आहे. टिकला नाही, तर परत मोजणीकडे जा, आणि पुढचा परिच्छेद वाचायचा मोह आवरा. तर्जनीने वाजवणं म्हणजे शिकाऊपणा असं कुणाला वाटत असेल तर स्पेनमधल्या मोरोन दे ला फ्रोंतेरा गावचे गिटारवादक दिएगो देल गास्तोर (१९०८–१९७३) यांचं वाजवणं ऐकावं. त्यांचं नाव वेगासाठी घेतलं जात नाही. अंगठ्यासाठी आणि कोंपाससाठी घेतलं जातं.

बोटं एकमेकांवर का आदळतात? पंजा टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट आत दुमडा, बाकीची टेकलेली ठेवा. आता अनामिका उचला. उठत नाही ना? हाताच्या पाठीवर मधल्या बोटाच्या, अनामिकेच्या आणि करंगळीच्या कंडरा आडव्या पट्ट्यांनी एकमेकींना जोडलेल्या असतात. एक बाहेर निघाली की शेजारीण ओढली जाते. त्यामुळे करंगळी, अनामिका, मध्यमा, तर्जनी असे चार वेगळे आघात मागितले की हात स्वभावतःच दोन-दोन बोटांचे गठ्ठे देतो. गठ्ठा मात्रेच्या सुरुवातीलाच संपतो, उरलेली मात्रा रिकामी राहते आणि पुढचा ठोका त्या रिकाम्या जागेत घसरतो. "रास्गेआदो आला की ठेका सुटतो" म्हणतात तो हाच.

दुसरी गोष्ट, आयुष्यभर आपण मुठी वळल्या, वस्तू धरल्या, तारा आत ओढल्या. बोटं ताकदीने बाहेर उघडायचं काम जवळपास कुणीच केलेलं नसतं. प्लेक्ट्रमवाल्याचा आघात मनगटातून येतो, क्लासिकलवाल्याचा बोट आत घेऊन. म्हणजे या एका बाबतीत तीस वर्षांचा अनुभव आणि शून्य अनुभव सारखेच. पन्नाशीत हे स्नायू तयार होतात, त्यांना दोन बैठकांच्या मध्ये विश्रांती मात्र जास्त लागते.

सराव असा. डाव्या हाताने तारा हलकेच झाकून त्यांचा आवाज दाबा. अंगठा सहाव्या तारेवर. मेट्रोनोम ६० वर. एका ठोक्याला एकच बोट, करंगळीपासून. डोळे मिटून रेकॉर्डिंग ऐकताना कुठलं बोट कुठलं हे ओळखू येऊ नये. अनामिका ओळखू येईलच. ती कायम आजारी मुलासारखी वाजते. तिलाच जास्त वेळ द्या.

मग एका ठोक्यात चार. आणि ते जमतंय असं वाटू लागलं की खरी परीक्षा: तीच चार बोटं, पण एका ठोक्यात तीन आघात. चाराचा क्रम तीनाच्या गटात घातला की ठोक्यावर येणारं बोट दर वेळी बदलतं: आधी करंगळी, मग तर्जनी, मग मध्यमा, मग अनामिका, आणि बारा आघातांनी पुन्हा करंगळी. गठ्ठा करणारा हात इथे लपूच शकत नाही. पहिल्या दिवशी मला हे ४० च्या लयीतही जमलं नव्हतं, आणि तोपर्यंत मी स्वतःला रास्गेआदो येतो असं समजत होते.

एक खोड मुद्दाम सांगते. बरेच जण बोटं अंगठ्यामागे अडकवून कॅरमचा स्ट्रायकर मारावा तशी सोडतात. आवाज दणदणीत येतो आणि फार समाधान वाटतं. पण अडकवलेली स्प्रिंग सुटते तेव्हा सगळं एकदम सुटतं, म्हणजे पुन्हा गठ्ठा. ताकदीसाठी ते नंतर वापरता येईल, वेळ सुधारेपर्यंत नको.

पाच मिनिटं, मग हात खाली सोडून दोन मिनिटं थांबा, आणि पुन्हा पाच. कोपराखालचा हात कडक झाला की त्या दिवसापुरतं संपलं. थकलेला हात गठ्ठाच शिकतो, आणि जे वाजवाल ते पक्कं होतं, बरोबर असो की चूक.

मेट्रोनोमबद्दलही बोलायला हवं. साधा टिकटिक मेट्रोनोम सगळ्या मात्रा सारख्याच वाजवतो, त्यामुळे तुम्ही बारावर आहात की एकवर हे त्याला ठाऊक नसतं. बोटांच्या व्यायामाला तो उत्तम. कोंपाससाठी मात्र पाल्मास, म्हणजे टाळ्यांचं रेकॉर्डिंग लावा, ज्यात जोराच्या जागा ऐकू येतात. नसेल मिळत तर स्वतःच पाच मिनिटांच्या टाळ्या रेकॉर्ड करा. त्यातही ठेका हलतो की काय, ते लगेच कळेल. माझा हलत होता.

गिटार

लोक सुरुवातच इथून करतात. खरं तर हे इतक्या उशिरा यायला हवं.

तारा जुन्या असतील तर बदला. त्या निस्तेज झाल्या की हात आवाजासाठी जास्त जोर लावतो. मग बाराव्या फ्रेटवर सहाव्या तारेची फ्रेटपासूनची उंची मोजा. क्लासिकल गिटारवर ती ४ मिलिमीटरच्या आसपास असते, फ्लामेंको गिटारवर साधारण ३ किंवा थोडी कमी. उंच तारा बोटाला जास्त अडवतात, रास्गेआदो जड होतो. तरीही क्लासिकल गिटारवर शिकता येतं. पहिली दोन वर्षं मी तेच केलं आणि ठेका सुटण्याशी त्या गिटारचा काही संबंध नव्हता.

एक खबरदारी: गोल्पे, म्हणजे अनामिकेच्या नखाने पाटावर मारलेला ठोका, गोल्पेआदोर नसलेल्या गिटारवर मारू नका. गोल्पेआदोर ही पाटावर चिकटवलेली पातळ संरक्षक पट्टी. क्लासिकल गिटारवर ती नसते आणि मऊ लाकडावर नखाचे वण कायमचे राहतात. चिकटवायची पट्टी मिळते, पण जुन्या, नाजूक पॉलिशच्या गिटारवर ती आपल्या हाताने लावू नका.

इथून पुढे स्क्रू-ड्रायव्हर आणि कानस खाली ठेवा. मी एका रविवारी तारा खाली आणायला सॅडल, म्हणजे ब्रिजवरची तारा टेकतात ती पट्टी, वरून घासला. वरची गोलाई गेली, तिसरी तार झणझणायला लागली आणि नवीन सॅडल करून घ्यावा लागला. घासायचाच तर तो खालून, मोजून, आणि काढलेलं परत येत नाही हे लक्षात ठेवून. पारंपरिक नायलॉन तारांच्या गिटारींत नेक सरळ करायचा सळईचा स्क्रू सहसा नसतोच, त्यामुळे नेक वाकलेला दिसला, ब्रिज पाटापासून सुटताना दिसला किंवा खालच्या फ्रेटवर सगळीकडे झणझण येत असेल, तर गिटार बनवणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडेच जा. घरचे प्रयोग नकोत.

शिक्षक कधी?

मोजणी पक्की, पाय चालू, तीनाच्या गटातला व्यायाम स्वच्छ, आणि तरीही दोन-तीन महिन्यांत जोडणी सुधारत नसेल, तर स्वतःचं स्वतः शोधणं थांबवा. आपल्या कानाला आपलं घसरणं ऐकू येईनासं झालेलं असतं. तंत्राचे तास घेण्यापेक्षा गाणाऱ्याला किंवा नाचणाऱ्याला साथ करणारा माणूस शोधा, आणि शक्य असेल तर नृत्याच्या वर्गात मागच्या खुर्चीवर बसून फक्त ठेका द्या. नाचणारी यामादा देते, म्हणजे पायांनी "आता बदल" असा इशारा करते, तेव्हा तुम्हाला बोटांचा विचार करायला वेळच मिळत नाही. पहिल्या तासाला मी रास्गेआदो पार सोडून दिला आणि तर्जनीवर आले. तीन महिन्यांनी तो आपोआप परत आला, आणि जागेवर पडला.

इथे थांबा आणि डॉक्टरकडे जा

खालचं काहीही असेल तर वरचा एकही व्यायाम करू नका. सरावाने हे बरं होत नाही, उलट चिघळतं.

वाजवणं थांबवल्यावरही टिकणारी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी असणारी वेदना, मनगटाला किंवा कोपराला सूज. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात मुंग्या किंवा बधिरपणा, विशेषतः रात्री झोपेतून जागं करणारा: मनगटात नस दबलेली असू शकते. करंगळी आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होत असेल तर कोपराकडची नस तपासावी लागते. सकाळी बोट वाकलेल्या स्थितीत अडकणं आणि खटकन सुटणं. हे मधुमेह असलेल्यांत जास्त दिसतं, म्हणून तसं असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. या सगळ्यासाठी अस्थिरोगतज्ज्ञ किंवा हाताचे तज्ज्ञ.

आणि एक प्रकार असा आहे की त्यात दुखत काहीच नाही. एरवी हात ठीक चालतो, लिहिता येतं, बटणं लागतात, पण गिटारवर हात ठेवला की एखादं बोट आपोआप आत वळतं किंवा ताठ होतं. जास्त सराव केला की जास्त वळतं. वादकांमध्ये दिसणारा फोकल डिस्टोनिया असा सुरू होतो. हा मेंदूकडून स्नायूंना जाणाऱ्या आज्ञांतला बिघाड आहे. तिथे मेंदू-मज्जातंतूतज्ज्ञच हवा, आणि तोही वादकांचे हात पाहिलेला मिळाला तर उत्तम. दुखत नाही म्हणून लोक महिनोन् महिने सराव वाढवत बसतात.

तपासणीला जाताना गिटार नेता आली तर न्या. नाहीतर दोन व्हिडिओ: एक तो हात वाजवतानाचा, अगदी जवळून, आणि दुसरा तोच हात कप उचलताना किंवा लिहिताना. दवाखान्याच्या टेबलावर ठेवलेला रिकामा हात बहुतेक वेळा अगदी शहाण्यासारखा वागतो.